ऋषीचं कूळ आणि आमचं मूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, अशी मराठीत एक म्हण आहे. ती कुणाच्या सोयीची आहे हे वेगळं सांगायला नको. ऋषीचं कूळ उकरलं तर कुठं कोळीण निघते, कुठं दासी निघते. व्यासाची आई कोळ्याच्या घरातली, जबालेच्या सत्यकामाला बापाचं नाव सांगता आलं नाही. म्हणून झाकून ठेवा! आमचं कूळ शोधायला मात्र यांना कधी कंटाळा आला नाही. शाळेत नाव घालताना शोधलं, भाड्यानं खोली मागताना शोधलं, हापिसात टेबल मिळालं की पहिल्याच आठवड्यात शोधलं. आडनावावरून कळलं नाही तर गाव विचारायचं. गावावरून कळलं नाही तर गावात घर कुठल्या अंगाला, ते विचारायचं.

आता हा कूळ शोधण्याचा धंदा डीएनएपर्यंत पोचलाय. आपल्या वस्त्यांत सध्या त्याचे दोन आवाज ऐकू येतात.

पहिला आवाज संघाचा. २०२१ साली सरसंघचालक मोहन भागवतांनी जाहीर सांगितलं की सगळ्या भारतीयांचा डीएनए एकच आहे. ऐकायला गोड.

दुसरा आवाज आपल्याच माणसांचा. अभ्यासवर्गात, जयंतीच्या मंडपात, मोबाईलवर फिरणाऱ्या मजकुरात तो मी सारखा ऐकतो. बामण परदेशी, त्यांचा डीएनए युरोपचा. आपण मूलनिवासी, आपला डीएनए इथल्या मातीचा. हे म्हणे विज्ञानानं सिद्ध केलंय.

पहिल्या आवाजाशी माझं वैर आहे. दुसऱ्याशी भांडण आहे, आणि ते घरातलं भांडण आहे म्हणूनच जास्त मोठ्यानं करायला पाहिजे. कारण दोघांची खोड एकच. दोघंही जात रक्तात शोधतात. एकाला ती तिथं सापडत नाही, म्हणून तो म्हणतो आपण सगळे एकच, जातीचं रडगाणं कशाला. दुसऱ्याला ती सापडल्यासारखी वाटते, म्हणून तो म्हणतो जात म्हणजेच वंश. बाबासाहेबांनी दोघांच्याही थोबाडीत आधीच मारून ठेवलीय. पण वाचतो कोण?

तर दोस्तांनो, आधी माणूस कुठून आला ते नीट समजून घेऊ. मग भांडू.

*

या प्रश्नावर दोन पक्ष फार जुने आहेत. एक म्हणतो, माणूस एकदाच घडला आणि मग जगभर पांगला. दुसरा म्हणतो, वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या मुळांतून घडली.

दुसऱ्या पक्षाचा आपल्याकडचा जुना दस्तऐवज म्हणजे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं पुरुषसूक्त. तोंड ब्राह्मणाचं, बाहू राजन्याचे, मांड्या वैश्याच्या, आणि पायांतून शूद्र. एका देहात चार उगम. पाचव्याला, म्हणजे आपल्याला, त्यात अवयवसुद्धा दिलेला नाही.

अमेरिकेतल्या गुलामांच्या मालकांनाही असंच एक सूक्त हवं होतं. फिलाडेल्फियाच्या डॉक्टर सॅम्युअल मॉर्टननं ते पुरवलं. त्यानं शेकडो कवट्या जमवल्या, त्यांत दाणे आणि छर्रे भरून मेंदूची जागा मोजली आणि १८३९ साली ग्रंथ छापला. निष्कर्ष काय? गोऱ्याची कवटी मोठी, काळ्याची लहान. त्याच्या मागून आलेले पंडित म्हणाले, हे वंश मुळातच वेगवेगळे निर्माण झाले. सूक्त तेच, फक्त इंग्रजीत.

डार्विननं १८७१ साली लिहिलं की माणसाचे पूर्वज बहुधा आफ्रिकेत सापडतील, कारण माणसाला सगळ्यांत जवळचे गोरिला आणि चिंपांझी तिथंच राहतात. युरोपला हे पचलं नाही. १९१२ साली इंग्लंडात पिल्टडाऊन इथं एक कवटी ‘सापडली’. मेंदू माणसाचा, जबडा वानराचा, आणि पत्ता साक्षात इंग्लंडचा! साहेब खूश. १९२४ साली दक्षिण आफ्रिकेत ताउंग इथं एका पोराची खरी कवटी सापडली. रेमंड डार्टनं ती १९२५ साली जगापुढं मांडली, तर लंडनच्या पंडितांनी ती वानराची म्हणून बाजूला सारली. पुढं १९५३ साली उघडकीला आलं की पिल्टडाऊनमध्ये माणसाच्या कवटीला ओरांगउटानचा जबडा जोडला होता. दात कानसीनं घासले होते, हाडांना रंग दिला होता. चाळीस वर्षं ही लबाडी पोथीसारखी पुजली गेली, आणि खरं हाड आफ्रिकेतलं म्हणून उंबऱ्याबाहेर राहिलं. विटाळ काय फक्त आपल्याच गावात असतो?

१९६२ साली कार्लटन कून या अमेरिकन पंडितानं पुस्तक काढलं. त्याचं म्हणणं असं की माणसाचे पाच वंश आधीच फुटले होते, ते आपापल्या जागी वेगवेगळ्या वेळी माणूस झाले आणि आफ्रिकेतले काळे सगळ्यांत शेवटी झाले. त्या वेळी अमेरिकेतला काळा माणूस हॉटेलात बसायच्या, बसमध्ये बसायच्या, मत द्यायच्या हक्कासाठी रस्त्यावर मार खात होता. कूनचं पुस्तक वर्णद्वेष्ट्यांनी डोक्यावर घेतलं यात नवल नाही. उगमाच्या थिअरीला हात लावताना ती कुणाच्या घरी पाणी भरते ते बघायचं, हा धडा यातून घ्या.

पण शत्रूच्या बाबतीतही खोटं बोलायचं नाही. १९८४ साली मिलफर्ड वोल्पॉफ, चीनचे वू शिन्झी आणि ऑस्ट्रेलियाचे ॲलन थॉर्न यांनी अनेक प्रदेशांत मिळून माणूस घडला असं मांडलं. ते कूनचं म्हणणं नव्हतं. त्यांच्या मते आफ्रिका, आशिया, युरोप इथल्या जुन्या माणसांत लाखो वर्षं सोयरीक चालूच होती, आणि त्या देवाणघेवाणीतून सगळीकडे मिळून एकच मानवजात झाली. यात वर्णद्वेष नाही. पुढं पुराव्यानं त्यांना बरंचसं हरवलं, ती गोष्ट वेगळी.

तो पुरावा १९८७ साली आला. रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन यांनी जगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या १४७ जणांचा मायटोकाँड्रियातला डीएनए तपासला. हा डीएनए पोराला फक्त आईकडून मिळतो. आणि तो त्यांनी बहुतेक कशातून काढला? बाळंतपणातल्या वारेतून! ज्या वारेच्या विटाळाला गाव भितं, जी पुरायला अनेक गावांत आमच्याच आयाबायांना बोलावलं जायचं, त्या वारेत माणसाचा खरा दाखला लिहिलेला होता. सगळ्या माणसांच्या आईची आई, तिची आई, असं मागं जात गेलं तर सुमारे २ लाख वर्षांपूर्वीच्या एका बाईपाशी दोरी येऊन थांबते, आणि ती बाई आफ्रिकेतली. त्या वेळी ती एकटीच बाई होती असं नव्हे. इतरही बाया होत्या, त्यांच्या आईकडून लेकीकडं जाणाऱ्या दोऱ्या मध्येच तुटल्या, एवढंच. गोत्र बापाचं असतं, ही नाळ आईची आहे. काशीच्या पंड्याची नाळ आणि भंगाराच्या गाडीवर काम करणाऱ्या माझ्या भावाची नाळ तिथंच जाऊन मिळते.

हाडांनीही साक्ष दिली. इथिओपियात ओमोच्या खोऱ्यात १९६७ साली सापडलेली आपल्यासारख्या माणसाची हाडं २०२२ च्या नव्या मोजणीनं सुमारे २ लाख ३० हजार वर्षं जुनी ठरली. मोरोक्कोत जेबेल इर्हूदची हाडं २०१७ साली सुमारे ३ लाख वर्षांची ठरली. म्हणजे आफ्रिकेतसुद्धा एकच पाळणा नव्हता. २०२३ साली आफ्रिकेतल्या आजच्या लोकांच्या डीएनएवर झालेलं संशोधन सांगतं की तिथल्या निरनिराळ्या समूहांत वारंवार मिसळण होऊन आपण घडलो.

मग २०१० साल आलं. स्वान्ते पाबो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निअँडरथल माणसाचा डीएनए वाचला. पाबोला पुढं २०२२ साली नोबेल मिळालं. कळलं असं की आफ्रिकेबाहेरच्या सगळ्यांत निअँडरथलचा अंश आहे, साधारण २ टक्के. त्याच वर्षी सायबेरियातल्या देनिसोवा गुहेतल्या बोटाच्या एका हाडातून आणखी एका जुन्या मानवाचा शोध लागला, आणि त्याचा अंश पापुआच्या लोकांत निघाला. म्हणजे आफ्रिकेवाल्यांचं म्हणणं बव्हंशी खरं ठरलं, आणि मिसळणवाल्यांचंही थोडं खरं ठरलं. साफ खोटे ठरले ते फक्त शुद्ध रक्तवाले. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन वर्णसंकराला घाबरून धनुष्य खाली ठेवतो. मनूनं दहाव्या अध्यायात ब्राह्मण बाई आणि शूद्र पुरुषाच्या पोराला चांडाळ ठरवून गावाबाहेर काढलं. आणि विज्ञान म्हणतं, संकर हाच माणसाचा इतिहास आहे. मग मनूच्या हिशेबानं आख्खी मानवजात चांडाळ! चला, आमच्या आळीत स्वागत आहे.

*

आता घरातलं भांडण.

मूलनिवासी म्हणजे काय? इथं पहिल्यांदा उगवलेला? मग इथं कुणीच उगवलेला नाही. नर्मदेकाठी हथनोऱ्याला १९८२ साली अरुण सोनकियांना कवटी सापडली, ती आपल्या प्रजातीच्या आधीच्या जुन्या मानवाची. तिच्यावर ‘भारतातच माणूस उपजला’ असा इमला चढवता येत नाही. आपल्यासारखी माणसं इथं आली ती आफ्रिकेतून, पन्नास हजार वर्षांपूर्वी किंवा त्याहूनही आधी. त्यांचा अंश आज आपणा सगळ्यांत आहे. मग इराणच्या बाजूच्या लोकांशी नातं असलेली माणसं त्यांच्यात मिसळली. मग इसवीसनापूर्वी २००० नंतर मध्य आशियातल्या गवताळ मैदानांतून पशुपालक आले. हे २०१९ साली डीएनएच्या मोठ्या अभ्यासातून पुढं आलं. त्याच वर्षी हरियाणात राखीगढीच्या हडप्पाकालीन बाईचा डीएनए छापून आला, त्यात या मैदानी लोकांचा अंश नाही. आर्य इथलेच, असं म्हणणाऱ्यांना हे फार जड जातं. आणि हेही खरं की पुरोहित जातींत हा मैदानी अंश थोडा जास्त दिसतो.

एवढं वाचून आपले मित्र टाळ्या वाजवतात. पुढचं पान उलटत नाहीत. पुढच्या पानावर काय आहे? २००९ आणि २०१३ साली भारतातल्या डझनावारी जातिजमातींचे डीएनए तपासले गेले. भिल्ल आणि चमारांसकट सगळ्यांत मिसळण निघाली. फरक आहे तो प्रमाणाचा. शुद्ध बामण नाही, तसा शुद्ध मूलनिवासीही नाही. २०१३ च्या संशोधनानुसार ही मिसळण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी जोरात चालू होती आणि मग ती थांबली. २०१६ साली बंगालमधल्या कल्याणीच्या शास्त्रज्ञांनी वरच्या जातींबद्दल हिशेब मांडला की ही दारं सुमारे ७० पिढ्यांपूर्वी बंद झाली.

दार बंद झालं, हे शब्द पुन्हा वाचा. ९ मे १९१६ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमरावानं निबंध वाचला. भारतातले सगळे लोक मिसळलेलेच आहेत, आणि जात म्हणजे जातीतल्या जातीत लग्न करण्याची सक्ती, बंद केलेला वर्ग, हे त्यानं तेव्हाच सांगितलं. प्रयोगशाळेला तिथं पोचायला सत्त्याण्णव वर्षं लागली.

आणि ते तिथं थांबले नाहीत. १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’मध्ये त्यांनी लिहिलं की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परैया एकाच वंशाचे. १९०१ च्या खानेसुमारीचा कमिशनर रिस्ले नाकं मोजत फिरत होता. नाक जितकं रुंद तितकी जात खाली, असा त्याचा शोध! बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांवरच्या पुस्तकात नाकांच्या मापांचे तक्ते घेतले आणि त्याच मापांनी दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशानं वेगळे नाहीत. शत्रूची फूटपट्टी घेऊन शत्रूलाच मोजलं. आज आपण काय करतो? ती फूटपट्टी कपाटातून काढून पुसतो, तिच्यावर डीएनए लिहितो आणि स्वतःलाच मोजतो.

कुणी म्हणेल, जोतिबांचं काय? त्यांनी ‘गुलामगिरी’त भट बाहेरून आले असंच लिहिलं ना? लिहिलं. १८७३ साली युरोपातले पंडित आर्यांच्या स्वारीचे पोवाडे गात होते आणि इथले बामण आपण साहेबाचे भाऊबंद म्हणून ताठ चालत होते. पुढं टिळकांनी १९०३ साली आर्यांचं घर थेट उत्तर ध्रुवावर नेऊन ठेवलं. साहेबाचं राज्य होतं तेव्हा परदेशी कूळ भूषण, आणि आज सत्ता हातात आल्यावर आम्हीच इथले सनातन! सोय बदलली की मूळ बदलतं. जोतिबांनी त्यांचीच फुशारकी हिसकावून त्यांच्यावर उलटवली. बाहेरून आलात ना? मग लुटायला आलात. याला म्हणतात डोकं. त्यांच्याकडून ती हिंमत घ्यायची. बळीराजा ही आमची न्यायाची मागणी आहे. तिला रक्ताचा रिपोर्ट जोडायची गरज नाही.

आणि धोका बघा. जात रक्तात असेल तर ती पुसणार कशी? रक्त बदलता येत नाही. मग जातिनिर्मूलन हा शब्द चळवळीतून काढून टाका आणि घरी बसा. जो आधी आला त्याचा देश, हा कायदा आज बामणाला लावाल, तर उद्या तोच मुसलमानाला लावला जाईल. लावला जातोच आहे. सावरकरांनी १९२३ साली पितृभू आणि पुण्यभूचा हिशेब मांडला तो याचसाठी. परवा तोच कायदा मुंबईत कुणी तुमच्या दारात घेऊन येईल. तुमचा आजा कुठल्या गावाहून आला, कुठल्या गिरणीत लागला, झोपडं कुणाच्या जागेवर टाकलं? तेव्हा कुठल्या पन्नास हजार वर्षांचा दाखला दाखवाल?

*

आता संघाच्या एका डीएनएकडं वळू.

बरं, डीएनए एकच. मग तो वाघा बॉर्डरवर थांबतो का? लाहोरचा वेगळा आणि अमृतसरचा वेगळा? जगातल्या कुठल्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखाच असतो. ज्या १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्याच साली रिचर्ड ल्युऑन्टिननं दाखवलं की माणसांमधल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच समाजातल्या दोन माणसांत असतात. वंशावंशांतला फरक जेमतेम ६ टक्के. तेव्हा ‘भारतीय डीएनए’ नावाची वेगळी चीज नाही. एकच म्हणायचं असेल तर आख्खी मानवजात म्हणा, आणि मग मुसलमान, ख्रिस्ती, हबशी सगळ्यांना पंगतीत घ्या.

आणि डीएनए एक आहे तर सोयरीक का होत नाही? २०१४ साली नगर जिल्ह्यात खर्ड्याला शाळेत शिकणारं आपलं पोरगं वरच्या जातीच्या मुलीशी बोलल्याच्या संशयावरून मारून टाकलं गेलं. २०१३ साली त्याच जिल्ह्यात सोनईला तीन पोरांचे खून झाले. मारणाऱ्यांनी डीएनए विचारला नव्हता. रक्त एक असूनही जात मारते, म्हणजे गुन्हेगार रक्तात लपलेला नाही. तो लग्नाच्या नियमात आहे, जमिनीच्या उताऱ्यात आहे, पोलीस पाटलाच्या पंचनाम्यात आहे. एक डीएनए म्हणून गळ्यात पडणाऱ्याला विचारा, तुझ्या मुलीच्या लग्नाच्या जाहिरातीत जात का छापलीस?

हीच मंडळी माणसाच्या उत्पत्तीचं शास्त्रही पोरांपर्यंत पोचू देत नाहीत. २०१८ साली केंद्राचे शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह तेव्हाच्या औरंगाबादेत येऊन म्हणाले की डार्विन चूक, वानराचा माणूस होताना कुणी पाहिला नाही. ज्या शहरात बाबासाहेबांनी मिलिंद कॉलेज उभं केलं, त्या शहरात! २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांती गेली, आनुवंशिकता तेवढी राहिली. पुरुषाच्या पायातून शूद्र निघताना कुणी पाहिला होता, हे मात्र विचारायचं नाही.

*

मग आपण काय धरायचं? फ्रेडरिक डग्लस गुलामगिरीत जन्मला, पळाला, शिकला. १८५४ साली एका कॉलेजात तो मॉर्टन कंपनीच्या कवट्यांवर बोलायला उभा राहिला. काळा आणि गोरा एकाच मुळाचे आहेत हे त्यानं पुराव्यानं मांडलं. आणि मग पुढं गेला. समजा आमचं मूळ वेगळं निघालं, तरी आमचे माणूस म्हणून असलेले हक्क त्यानं तसूभर कमी होत नाहीत, असं त्यानं बजावलं. एकोणीस वर्षांनी जोतिबांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. आपलं जगाशी नातं असं जोडलेलं आहे. ते गुणसूत्र जुळतात का पाहून जोडलेलं नाही.

तेव्हा अभ्यासवर्गात आफ्रिका शिकवा. ओमो, जेबेल इर्हूद, ती १४७ जणांची वार, सगळं शिकवा. पोराला काळ्या रंगाची लाज वाटत असेल तर सांगा, माणूस नावाचं पीक पहिल्यांदा आलं ते काळ्या माणसांच्या जमिनीत. पण त्या शास्त्रातून कुणी जातीचा शिक्का काढून देऊ लागला, मग तो नागपूरचा असो की आपल्या मंडळाचा, तर त्याला भर सभेत उभं राहून विचारा, १९१६ चा निबंध वाचलाय का? नसेल वाचला तर आधी वाच, मग माईक धर.

२० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. या तळ्यावर आधी कोण आलं होतं, ते त्यांनी विचारलं नाही. आमचे पूर्वज इथले मूळचे, म्हणून पाणी आमचं, असा दावा मांडला नाही. इतरांसारखी आम्हीही माणसं आहोत, हे ठरवायला ते गेले होते. आपला दावा पहिलेपणाचा कधीच नव्हता. तो बरोबरीचा होता, आणि बरोबरीला वंशावळ लागत नाही.

जय भीम.